रेडिओ व्यत्यय : उगमाचा शोध

रेडिओ, बिनतारी संच, दूरचित्रवाणी किंवा मोबाईल यांच्या ग्रहणात नको असलेली विद्युतचुंबकीय ऊर्जा मिसळली की त्याला रेडिओ व्यत्यय म्हणतात. बोलीतला शब्द खरखर. ती नेमकी कोणत्या खांबावरून, कोणत्या घरातून येते हे हुडकून काढणे, एवढाच या नोंदीचा विषय. सांगली आकाशवाणीचे मध्यम लहरींवरील १२५१ किलोहर्ट्‌झचे प्रक्षेपण ऐकणारे श्रोते आणि ७ मेगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात बोलणारे हॅम, म्हणजे परवानाधारक हौशी रेडिओचालक, हिला चांगलेच ओळखतात. एफएमवर ती कमी जाणवते, कारण ठिणगीचा गोंगाट लहरीच्या उंचीत भर घालतो आणि एफएम संच उंचीतले चढउतार छाटून टाकतो. मध्यम लहरींच्या संचाला मात्र कार्यक्रम त्या चढउतारांतूनच वेचावा लागतो.

उगमाच्या मुख्य जाती दोन. ढिला जंपर (दोन तारा जोडणारा तुकडा), तडकलेला पिन इन्सुलेटर (तार खांबापासून अलग ठेवणारी चिमणी), डीपीवरचा म्हणजे ट्रान्सफॉर्मरच्या खांबांवरचा जळका डीओ फ्यूज, तारेवर टाकलेला आकडा ही झाली ठिणगीची जात. दुसरी, वेगाने चालू-बंद होणाऱ्या इलेक्ट्रॉनिक्सची : मोबाईलचा चार्जर, स्वस्त एलईडी दिवा, सौर कृषिपंपाचा कंट्रोलर, कारखान्यातील मोटारीचा वेग बदलणारा ड्राइव्ह. रानडुकरांपासून ऊस-मका राखणारे झटका मशीन ओळखायला सर्वांत सोपे. साधारण सेकंदाला एक ‘टक्’, अंतर अगदी एकसारखे. कुंपणाच्या तारेला गवत टेकले की आवाज वाढतो.

दिशा शोधण्याआधी वेळ शोधावी. पहिली पायरी घरातच असते : सेलवरचा रेडिओ लावायचा आणि आपलाच मेन स्विच पाडायचा. खरखर थांबली तर शेजाऱ्यावरचा संशय तिथेच मिटतो. थांबली नाही तर ती कधी येते, कधी जाते, याची वही ठेवावी. सूर्याबरोबर उगवून मावळणारी खरखर सौर यंत्रणेकडे बोट दाखवते, दिवेलागणीला सुरू होणारी दिव्यांकडे. लाईट जाणे ही एरवी कुरकुरीची गोष्ट, पण या कामात तिच्यासारखी मदत नाही. सातारा-सांगलीच्या अनेक गावांत शेतीचा आणि गावठाणाचा फिडर, म्हणजे वीज आणणारी वाहिनी, वेगळा असतो. गावठाणातले दिवे चालू असताना, शेतीची लाईट गेल्याबरोबर खरखर बंद पडली, तर अख्खे गावठाण यादीतून वजा होते. उलट लाईट गेल्यावरच ती सुरू होत असेल, तर घरोघरचे इन्व्हर्टर तपासावेत.

कानालाही बरेच कळते. ५० हर्ट्‌झच्या पुरवठ्यात व्होल्टेज प्रत्येक आवर्तनात दोनदा शिखर गाठते, म्हणून तारेवरच्या ठिणगीची घरघर सेकंदाला १०० वेळा उठते. चार्जरचा गोंगाट डायल फिरवताना ठरावीक अंतराने पुन्हा पुन्हा भेटतो. उन्हाळ्यात वाऱ्याने हलणाऱ्या ढिल्या सांध्यांची खरखर पहिल्या मोठ्या पावसात अनेकदा गप्प होते, कारण ओली फट ठिणगी पडू देत नाही. धूळ साचलेल्या इन्सुलेटरचे नेमके उलटे : रिमझिमीत गळती वाढते.

यानंतर दिशा. साध्या ट्रान्झिस्टरमधील फेराइटची कांडी, म्हणजे त्याची आतली अँटेना, इथे कामी येते. कांडीचे टोक उगमाकडे वळले की आवाज एकदम दबतो. मोठ्या आवाजाची दिशा पसरट असते, ही दबकी जागा मात्र नेमकी. दोन-तीन ठिकाणांहून अशा रेषा नकाशावर ओढल्या की त्या जिथे छेदतात तिथे शोध आटोपशीर होतो. वाळवा-मिरजेच्या सपाटीत रेषा बऱ्यापैकी जुळतात. साताऱ्यात अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी उच्च वारंवारतेच्या लहरी डोंगरावरून परावर्तित होऊन येतात आणि अँटेना खुशाल किल्ल्याकडे तोंड करते. एका जागेच्या वाचनावर विश्वास ठेवू नये.

मध्यम लहरींवरचा गोंगाट तारांवरून लांबवर वाहत जातो, त्यामुळे निर्दोष खांबसुद्धा बोलतात. म्हणून जवळ जाता जाता वारंवारता वाढवत न्यावी : आधी मध्यम लहरी, मग १४४ मेगाहर्ट्‌झच्या आसपास, शेवटी त्याहून वर. उच्च वारंवारतेचा गोंगाट फार दूर पोचत नाही, तो ऐकू आला म्हणजे उगम हाकेच्या अंतरावर. संच आवाजाने भरून गेला तर येणारा संकेत कमी करणारा ॲटेन्युएटर लावावा. या टप्प्यावर एकाच दिशेला जास्त ऐकणारी, तीन दांड्यांची यागी अँटेना हाताशी हवी. नेमका इन्सुलेटर ओळखायला ४० किलोहर्ट्‌झच्या आसपासचा, कानाला न ऐकू येणारा ठिणगीचा आवाज टिपणारे उपकरण वापरतात. खांबाला धक्का मारून खरखर बदलते का ते पाहण्याचा जुना खोडसाळपणा मात्र करू नये; वर ११ किलोव्होल्टची तार असते, ढिला जंपर खाली यायला वेळ लागत नाही.

मोबाईल बूस्टरचा व्यत्यय कोणाच्याच कानाला ऐकू येत नाही. घरात रेंज यावी म्हणून लावलेला बेकायदा बूस्टर टॉवरच्या ग्रहणात गोंगाट ओततो, आणि परिसरातल्या इतरांचे कॉल तुटतात. तो पकडायला कोणत्या वारंवारतेवर किती ऊर्जा आहे हे पडद्यावर दाखवणारा स्पेक्ट्रम ॲनालायझर आणि दिशादर्शक अँटेना लागते. परवान्याशिवाय बिनतारी यंत्र बाळगण्यास १९३३ च्या भारतीय बिनतारी तारायंत्र अधिनियमाने मनाई केली होती. आता २०२३ चा दूरसंचार अधिनियम आहे. अशा तक्रारींचा तपास केंद्राची वायरलेस मॉनिटरिंग ऑर्गनायझेशन करते.

उगम वीजवाहिनीवर असेल तर वायरमनला खांबाचा क्रमांक, खरखरीच्या वेळा आणि मोबाईलवरचे ध्वनिमुद्रण द्यावे. मुद्रण हवेच : माणूस शिडी घेऊन येतो तोवर वारा पडलेला असतो.