वीतभर पाणी आणि बहिरी पाणबुडी

जून २०२३ मधे टायटन नावाची पाणबुडी टायटॅनिकचे अवशेष बघायला गेली आणि पाच माणसांसकट संपली, तेव्हा आमच्या ग्रुपवर दोन प्रश्न फिरत होते. एक, साधा जीपीएस का नव्हता लावला? दुसरा, व्हिडिओ गेमच्या वायरलेस कंट्रोलरवर पाणबुडी चालवल्यावर सिग्नल जाणारच ना! दुसऱ्याचं उत्तर सोपंय. कंट्रोलर आणि त्याचा रिसीव्हर दोघंही आत, कोरड्या हवेत, हातभर अंतरावर, तिथे सिग्नल जायचं काही कारणच नाही. पहिल्याचं उत्तर मला आमच्या गावच्या विहिरीने शिकवलं.

भाच्याबरोबर मी ११० एमएमच्या पीव्हीसी पाइपची एक पाणबुडी केली होती. दोन्ही टोकांना एंड कॅप, सांध्यांना एम-सील, पोटात ६० एमएलच्या दोन सिरिंज, मोटरने त्यांत पाणी ओढलं की ती बुडते आणि बाहेर ढकललं की वर येते. रिमोट २.४ गिगाहर्ट्झचा, ड्रोनचा, मैदानावर अर्धा किलोमीटर आरामात चालणारा. विहिरीत सोडली, वरवर मस्त फिरली, मग बुडवायचं बटण दाबलं, गेली खाली एक वीत आणि खलास, मी वाट्टेल ती बटणं दाबतोय आणि ही ढिम्म. "मामा, रेंज गेली," भाचा म्हणाला. शेवटी तिच्या कमरेला बांधलेल्या नायलॉनच्या दोरीने बादलीसारखी शेंदून काढली.

झालं काय, तर पाण्याच्या रेणूची एक बाजू थोडी धन, दुसरी थोडी ऋण. रेडिओ लहर आली की तो तिच्या तालावर वळायला बघतो, पण सेकंदाला २.४ अब्ज वेळा वळताना थोडा मागे पडतो, शेजाऱ्यांना घासतो आणि लहरीची ऊर्जा उष्णता होऊन जाते. मायक्रोवेव्ह ओव्हनमधे हेच होतं. (२.४ ही पाण्याची 'नैसर्गिक फ्रिक्वेन्सी' आहे म्हणून ओव्हन चालतो हे जे सगळीकडे छापलेलं असतं ते चूक आहे, रेणूंची ही घासाघीस शिगेला पोचते ती २० गिगाहर्ट्झच्या आसपास.) गोड्या पाण्यात २.४ ची ताकद दर ४ सेंटिमीटरला सातवा हिस्सा उरते. सातवा, मग त्याचा सातवा, असं पाच वेळा केलं की वीस सेंटिमीटर, म्हणजे एक वीत, आणि उरतो साधारण वीस हजारावा भाग. जीपीएसचा सिग्नल तर २०,००० किलोमीटरवरून येतो आणि घराच्या स्लॅबखालीच मरतो, त्याने समुद्रात काय शिरायचं.

आता मजा. जुन्या आरसी, म्हणजे रिमोटवरच्या खेळण्यातल्या गाडीचा ४० मेगाहर्ट्झचा, साठपट कमी फ्रिक्वेन्सीचा सेट बसवला, तर त्याच विहिरीत दीड-दोन मीटर खालपर्यंत सगळं ऐकू गेलं. हुरूप येऊन तीच पाणबुडी मालवणला नेली, आणि गुडघाभर पाण्यात परत बहिरी! इथला चोर वेगळा, मीठ. समुद्राच्या एका लिटरमधे साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात, म्हणजे सोडियम, क्लोराइड वगैरे आयन मोकळे फिरतायत, लहरीच्या विद्युतक्षेत्राने ते हलतात, प्रवाह वाहतो, आणि तो प्रवाह लहरीलाच खाऊन टाकतो. खाऱ्या पाण्यात ४० मेगाहर्ट्झलाही ती सातव्या हिश्श्याची पायरी ४ सेंटिमीटरच येते, गणित करून बघितलं तेव्हा मीच चाट पडलो. फ्रिक्वेन्सी चौपट कमी केली तर पायरी फक्त दुप्पट होते, वर्गमुळाचा हिशोब आहे, त्यामुळे पायरी दोन मीटरच्या जवळ न्यायची तर थेट २० किलोहर्ट्झच्या खाली उतरावं लागतं. आपल्या नौदलाचं तमिळनाडूत तिरुनेलवेलीजवळचं आयएनएस कट्टबोम्मन केंद्र १८.२ किलोहर्ट्झवर पाणबुड्यांना संदेश पाठवतं ते म्हणूनच. तिथे एका लहरीची लांबी साडेसोळा किलोमीटर, त्यामुळे अँटेना अवाढव्य, पाणबुडी नुसतं ऐकणार, उलट बोलणार नाही, आणि माहिती मुंगीच्या पावलाने.

मोबाईलच्या पाठीला चिकटवायचे ते 'अँटी-रेडिएशन' स्टिकर विकणाऱ्यांनी एकदा विहिरीवर यावं. लहर खरंच अडली की काय होतं ते आमची पाणबुडी दाखवेल, स्टिकरने खरंच अडत असती तर फोनची रेंजच गेली असती.

मग खोल पाण्यात बोलायचं कसं? आवाजाने. समुद्रात तो सेकंदाला १५०० मीटर जातो आणि लांबवर टिकतो. टायटन आणि वरचं पोलर प्रिन्स जहाज आवाजावरूनच छोटे टेक्स्ट मेसेज करत होते. टायटॅनिक ३८०० मीटरवर, म्हणजे मेसेज पोचायलाच अडीच सेकंद, उत्तराला आणखी अडीच. शेवटच्या मेसेजांपैकी एक होता 'दोन वजनं टाकली', तोही इंग्रजीत शब्द तोडून लिहिलेला.

आमच्याकडे आवाजाच्या मोडेमचं, म्हणजे आवाजावरून संदेश पाठवणाऱ्या यंत्राचं, बजेट नाही. आम्ही थर्माकोलच्या तुकड्यावर अँटेना उभी केली आणि तिथून तीन मीटर बारीक कोॲक्स वायर (टीव्हीच्या केबलसारखी) खाली पाणबुडीला, तुकडा तरंगतो, पाणबुडी त्याला ओढत फिरते. शिवाय फेलसेफ टाकलाय, तीन सेकंद सिग्नल मिळाला नाही की सिरिंज आपोआप रिकाम्या. दोरी मात्र अजून सोडलेली नाही.