स्पीकरखालची चप्पल किती दबते?

स्पीकरखाली किंवा टर्नटेबलखाली (रेकॉर्ड वाजवायच्या यंत्राखाली) काहीतरी मऊ घातलं की आवाज सुधारतो, असं सगळेच सांगतात. कोणी टेनिसचे चेंडू घालतं, कोणी वॉशिंग मशीनचे रबरी पॅड, तर कोणी जुन्या हवाई चपलेचे तुकडे. यातलं काहीही उपयोगी पडू शकतं आणि यातल्या कशानेही आवाज बिघडू शकतो. सगळं अवलंबून असतं ते एका आकड्यावर: वर वजन ठेवल्यावर ती वस्तू किती मिलिमीटर दबते.

हिशेब सोपा आहे. दब मिलिमीटरमध्ये मोजा, त्याचं वर्गमूळ काढा आणि १५.८ला त्याने भागा. उत्तर येतं ते त्या मांडणीची नैसर्गिक वारंवारता, म्हणजे ढकलून सोडल्यावर ती सेकंदाला किती वेळा डोलते, हर्ट्‌झमध्ये. १ मिमी दबलं तर १५.८ हर्ट्‌झ, ४ मिमी दबलं तर ८च्या जरा खाली, आणि नुसतं ०.३ मिमी दबलं तर २९. या आकड्याच्या साधारण १.४ पटीच्या वर गेल्यावरच कंपनं अडायला लागतात. पाचपट वर गेलात की चार-पाच टक्केच पलीकडे पोचतात. खूप खालची कंपनं जशीच्या तशी जातात, आणि नेमकी त्या आकड्याजवळची तर वाढून जातात. गफलत होते ती इथेच.

समजा १५ किलोचा सबवूफर (फक्त बासचा स्पीकर) आहे आणि पुण्याच्या रविवार पेठेतल्या बोहरी आळीतून वॉशिंग मशीनखाली घालायचे चार पॅड आणले. हे पॅड साठ-सत्तर किलोच्या मशीनसाठी बनवलेले असतात. प्रत्येकावर पावणेचार किलो आले तर ते जेमतेम ०.३ मिमी दबतील, म्हणजे २९ हर्ट्‌झ. त्यात रबर थरथरत्या भाराखाली स्थिर भारापेक्षा ताठ वागतं, त्यामुळे खरा आकडा ३५च्या आसपास धरावा. सबवूफरचं निम्मं काम याच पट्ट्यात चालतं. म्हणजे अडवायची होती तीच कंपनं पॅडमुळे फुगली. उपाय दोन: पॅड कापून पाव आकाराचे करायचे, आणि सबवूफर आठ-नऊ किलोच्या कडप्प्यावर ठेवून कडप्प्याखाली ते तुकडे द्यायचे. दोन्ही केलं तर दब २ मिमीच्या जवळ जातो आणि वारंवारता बारा-चौदावर येते. मात्र खालच्या मजल्यावरचे शेजारी एवढ्याने खूश होतील असं नाही. त्यांच्यापर्यंत पोचणारा बराचसा बास हवेतून स्लॅबवर आदळून जातो, आणि त्यावर आवाज कमी करणं हाच इलाज.

पॅड कापायचा मुद्दा जरा उलगडून सांगायला हवा. रबर दाबलं म्हणून त्याचं आकारमान जवळपास कमी होत नाही. ते बाजूंनी फुगतं, म्हणूनच दबतं. पसरट, पातळ तुकड्याला फुगायला वाव नसतो, त्यामुळे मऊ रबरसुद्धा ताठ होतं. तोच तुकडा अरुंद कापला की चांगला दबतो. रबर घट्ट वाटीत किंवा खाचेत बसवलं तर ते जवळजवळ दगडच. स्पंजाचं उलटं असतं: तो पहिल्याच दिवशी पूर्ण चेपतो आणि मग वजन थेट तळावर टेकतं. भांडी घासायच्या स्पंजाचा म्हणूनच काही उपयोग नाही, आणि बबल रॅपमधली हवा आठवड्याभरात निघून जाते.

शोकेसवर किंवा टेबलावर ठेवलेल्या छोट्या स्पीकरसाठी हवाई चप्पल खरंच चांगली. तिचा तळ सूक्ष्म छिद्रांच्या रबराचा असतो, त्यामुळे त्याला फुगायला आतच जागा मिळते. (घरातल्या वडीलधाऱ्यांना मात्र हे तुकडे कशाचे ते सांगायच्या फंदात पडू नये.) सहा किलोच्या स्पीकरला चार तुकडे लागतात, प्रत्येकावर दीड किलो. सुरुवात ३ बाय ३ सेंटीमीटरने करा. चार तुकडे ठेवून वर एक सपाट फळी टाका, व्हर्नियर कॅलिपरने चारही कोपऱ्यांची उंची घ्या, स्पीकर ठेवा, दहा मिनिटं थांबा, पुन्हा मोजा. जाडीच्या साधारण १५ टक्के दब हवा. म्हणजे १८ मिमी जाडीचा तळ असेल तर २.७ मिमी, अर्थात साडेनऊ हर्ट्‌झच्या आसपास. दब कमी आला तर तुकडा लहान करा. पाव जाडीहून जास्त दबला तर रबर काही दिवसांत कायमचं बसतं, तेव्हा मोठा घ्या. स्पीकरची मागची बाजू सहसा हलकी असते, त्यामुळे मागचे तुकडे थोडे लहान ठेवले तरच तो समतल राहतो.

यातून मिळतं काय? स्पीकरचा शंकू पुढे गेला की खोकं मागे ढकललं जातं. शंकू १५ ग्रॅमचा आणि खोकं ६ किलोचं धरलं तर हे प्रमाण ४००ला १, म्हणजे शंकू ४ मिमी हलला तर खोकं मिलिमीटरच्या शंभराव्या भागाइतकं हलतं. ऐकायला क्षुल्लक वाटतं. पण खाली शोकेसची मोठी पातळ फळी असेल तर सतारीची तबली जे काम करते तेच ती फळी करू लागते आणि १०० ते ३०० हर्ट्‌झमध्ये गुबगुबीत गाज ऐकू येते. फळीवर बोटं टेकवून ती किती थरथरते ते पाहा. थरथरत नसेल तर चपलेने फरक पडणार नाही. स्पीकर भिंतीतल्या ओट्यावर असेल तर हा उद्योग करूच नये.

खरी गरज आहे ती टर्नटेबलला. सुई रेकॉर्डच्या खाचेतल्या मायक्रॉनहून लहान हालचाली वाचते. जमिनीची हालचाल आणि खाचेतलं संगीत तिला वेगळं ओळखता येत नाही. शिवाय टोनआर्म (सुई धरणारा दांडा) आणि कार्ट्रिज (दांड्याच्या टोकाची, सुई बसवलेली डबी) मिळून त्यांची स्वतःची एक वारंवारता असते, चांगल्या जुळणीत ८ ते १२ हर्ट्‌झ. खालच्या आधाराची वारंवारता त्याच पट्ट्यात आली तर दोन्ही एकमेकांना डोलवतात. रेकॉर्ड ३३⅓ फेऱ्यांनी फिरते, म्हणजे तिचा बाक सेकंदाला ०.५५ वेळा सुईखालून जातो. पावलांचा ठेका सेकंदाला दोनच्या आसपास. या सगळ्यांमधली मोकळी जागा उरते ३ ते ५ हर्ट्‌झ. एडगर व्हिलचर यांनी १९६१ साली ए.आर. कंपनीसाठी काढलेल्या स्वस्त टर्नटेबलमध्ये तबकडी आणि टोनआर्म मिळून तीन मऊ स्प्रिंगांवर टांगले होते, ते असेच कमी वारंवारतेवर.

आता टेनिस चेंडू. आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे नेहमीचा नवा चेंडू ८ किलोंच्या थोड्या वरच्या भाराखाली ५.६ ते ७.४ मिमी दबला पाहिजे. ६ किलोचं टर्नटेबल आणि साडेआठ किलोचा कडप्पा चार चेंडूंवर ठेवला तर प्रत्येकावर ३.६ किलो येतात, दब ३ मिमीच्या जवळ जातो आणि वारंवारता नऊ-दहा हर्ट्‌झ. म्हणजे अगदी टोनआर्मच्या अंगावर! चेंडूवाले निम्मे लोक समाधानी आणि निम्मे वैतागलेले का असतात, ते यावरून कळेल.

४ हर्ट्‌झसाठी जवळजवळ १६ मिमी दब लागतो. तेवढं रबर दाबून मिळत नाही, हवा दाबून मिळतं. लहान मुलांच्या १२ इंची सायकलची ट्यूब घ्या. कात्रज-कोंढवा रस्त्यावरच्या ग्रॅनाइटच्या दुकानांतून किंवा जवळच्या फरशीवाल्याकडून ४५ बाय ३५ सेंटीमीटर, २ सेंटीमीटर जाडीचा कडप्प्याचा तुकडा आणा. कडा घासून घ्या. खाली तेवढ्याच मापाची प्लायची फळी, वर ट्यूब, तिच्यावर कडप्पा, मग टर्नटेबल. व्हॉल्व्ह बाहेरच्या बाजूला, हात पोचेल असा. हवा अगदी थोडी: १४.५ किलो वजन ३०० चौरस सेंटीमीटर स्पर्शावर पेलायला १ पीएसआयपेक्षाही कमी दाब पुरतो. म्हणून गॅरेजमधल्या कॉम्प्रेसरवर जायचंच नाही, हातपंपाचे मोजके झटके द्यायचे. कडप्पा उचलला गेला आणि बोटाने ढकलल्यावर संथ डोलला की थांबा. जास्त हवा भरली तर ट्यूब गोल होते, स्पर्श कमी होतो, आणि सगळं एकाच वेळी ताठही होतं आणि लटपटतंही. मोटरची बाजू जड असते, तेव्हा समतल करताना पूर्ण टर्नटेबल ट्यूबच्या मध्यापासून थोडं सरकवा.

पेठेतल्या वाड्यात, लाकडी तुळयांच्या माडीवर, हे करू नका. तिथे जमीन स्वतःच डोलते आणि ३ ते ५ हर्ट्‌झवरचा आधार पावलांसोबत आणखी डोलतो. सुई उडते. तिथे भिंतीत दोन मजबूत ब्रॅकेट ठोकून त्यावर फळी टाकणं उत्तम. वाड्याच्या जाड भिंतीसारखा आधार फ्लॅटमध्ये मिळत नाही. फ्लॅटमध्ये ब्रॅकेट लावायचेच असतील तर चार इंची पार्टिशन सोडून कॉलमजवळची बाहेरची भिंत निवडा.

उंचीचं काम वेगळं, आणि सोपं. ट्वीटर, म्हणजे स्पीकरमधला बारीक आवाजाचा छोटा भाग, कानाच्या रेषेत हवा. एएसी ब्लॉक (बांधकामातला हलका, सच्छिद्र सिमेंटचा ठोकळा) ६० सेंटीमीटर लांबीचा असतो आणि साध्या करवतीने कापता येतो. २० बाय २० सेंटीमीटर जाडीचा घेतला तर वजन तेरा-पंधरा किलो. सोफ्यावर बसणाऱ्यांनी तो अख्खा उभा करावा, बैठकीवर ऐकणाऱ्यांनी ४५ सेंटीमीटरवर कापावा. खाली ३० बाय ३० सेंटीमीटरची फरशी चिकटवा, नाहीतर मुलांच्या धक्क्याने पडेल. ब्लॉकची भुकटी झडते, म्हणून रंगाचे दोन हात द्या. मध्यभागीच्या स्पीकरला जेवणाचा पाट पुरतो. अॅम्प्लिफायरखाली कॅरमच्या चार सोंगट्या दिल्या की खालून हवा खेळते. त्याचा फायदा फक्त तापमानाला. ट्रान्झिस्टरच्या अॅम्प्लिफायरला कंपनांचं काही देणंघेणं नसतं. केबल कपबशीवर उचलून ठेवणारेही आहेत. उपद्रव नाही, उपयोगही नाही.

तपासायला मोबाइल पुरतो. फायफॉक्स हे मोफत अॅप उघडून फोन कडप्प्यावर ठेवा, प्रवेगाचा स्पेक्ट्रम सुरू करा आणि कडप्प्याला बोटाने हलकी टिचकी मारा. उंच टोक येईल ती तुमच्या मांडणीची वारंवारता. टर्नटेबलसाठी दुसरी चाचणी: मोटर बंद, सुई थांबलेल्या रेकॉर्डवर, आवाज नेहमीच्या पातळीवर. टेबलावर नखाने टकटक करा. स्पीकरमधून ठक्क ऐकू आलं तर कंपन अजून सुईपर्यंत जातंय. रबराखाली एखादा टाइलचा तुकडा जरूर ठेवा, कारण काळं रबर पॉलिशवर डाग पाडतं आणि तो पुसून जात नाही. ट्यूबची हवा मात्र दर पंधरा दिवसांनी पाहावी लागते. एक बाजू खाली गेलेली आधी स्पिरिट लेव्हलवर दिसते, कानाला नंतर कळते.