पार्श्वभूमी : निळा पंप आणि सहाचा आकडा

इंग्लंडमध्ये १९६०च्या दशकात दम्याचे मृत्यू एकाएकी वाढले. श्वासनलिका मोकळी करणाऱ्या आयसोप्रेनलीन या औषधाचे पंप तेव्हा औषधांच्या दुकानात चिठ्ठीशिवाय मिळत; १९६८मध्ये ते थांबलं. दुकानात संगणक आले ते लेबलं छापायला. कोण किती वेळा काय घेऊन गेलं ही नोंद त्यातून आपसूक साठत गेली, पण ती उघडून बघायची कुणाला गरज वाटली नाही. २०११पासून दमा आणि सीओपीडी (फुप्फुसांचा एक जुनाट आजार) यांचं नवं औषध सुरू झालेल्यांची विचारपूस औषधविक्रेत्यांकडे आली, तीही मुख्यतः बोलण्यावर चालणारी.

चित्र पालटलं ब्रिटनमधल्या दम्याच्या मृत्यूंवरच्या २०१४च्या अहवालाने. दम्याने दगावलेल्यांपैकी ज्या १६५ जणांच्या निळ्या, म्हणजे तात्पुरता आराम देणाऱ्या पंपांची नोंद सापडली, त्यांतल्या ३९ टक्क्यांना शेवटच्या वर्षात १२हून अधिक पंप लिहून दिले होते. सहा जणांना तर ५०हून अधिक!

२०१६च्या अखेरीस चांगल्या सेवेबद्दल दुकानांना मिळणाऱ्या गुणवत्ता-रकमेत एक निकष आला : सहा महिन्यांत सहाहून अधिक निळे पंप आणि श्वासनलिकेची सूज आवरणारा स्टेरॉइडचा एकही नाही, असा रुग्ण नोंदींतून शोधून तपासणीला पाठवा. वाद होता तो या आकड्याचा. हा सहा म्हणजे अहवालातल्या बाराचं अर्ध. एका पंपात २०० पफ (फवारे), म्हणजे रोजचे सहा-सात पफ होईपर्यंत संगणक गप्पच राही. वर्षाला तीन पंपांपासूनच धोका वाढतो, असं दम्याविषयीच्या जागतिक मार्गदर्शक सूचना सांगतात. मग तीन का नको? तर एक पंप दप्तरात, एक गाडीत, एक आजीकडे. तीनवर इशारा ठेवला तर यादी फुगते आणि काउंटरवरचा माणूस न वाचताच पुढे क्लिक करतो. हे खरं आहे, पण माझ्या मते त्याहून नडलं ते निकषातलं ‘एकही नाही’. रोज चार पफ घेतले तर तपकिरी, म्हणजे स्टेरॉइडचा पंप ५० दिवसांत संपतो. सहा महिन्यांत तो एकदाच नेणारा रुग्ण औषध नीट घेत नाही हे उघड असूनही यादीतून सुटे. दुसऱ्या दुकानातून नेलेले पंप तर इथल्या मोजणीत येतच नाहीत.

२०१९मध्ये जागतिक सूचनांनी नुसत्या निळ्या पंपावर दमा सांभाळणं मोडीत काढलं. ब्रिटनच्या नोव्हेंबर २०२४च्या सूचनांनीही तेच केलं : १२ वर्षांच्या आणि त्याहून मोठ्या नव्या रुग्णाला गरजेपुरता घ्यायचा पंपही स्टेरॉइड मिसळलेलाच. अशा रुग्णाने तो कितीही उपसला तरी जुन्या निकषात तो बसणार नाही. मोजायला त्याच्याकडे निळा पंपच उरलेला नाही.