पहिली फिट, गोळी आणि फॉर्म नंबर १

लायसन्ससाठी आरटीओत जो फॉर्म नंबर १ भरावा लागतो, त्यात तब्येतीविषयी पहिलाच प्रश्न असा असतो: तुम्हाला अपस्मार (वारंवार फिट येण्याचा आजार) आहे का, किंवा कोणत्याही कारणाने अचानक शुद्ध हरपते, चक्कर येते का? बहुतेक जण तो न वाचताच 'नाही'वर खूण करतात. आयुष्यात एकदाच फिट आलेल्या माणसाचे पेन मात्र तिथे अडते. एका आकडीने अपस्मार ठरतो का? आणि डॉक्टरांनी गोळी सुरू केली असेल, तर उत्तर बदलते का?

या प्रश्नाची मुळे मागे जातात. १९३९च्या मोटार वाहन कायद्याला एक परिशिष्ट होते. कोणत्या आजारात लायसन्स अजिबात मिळणार नाही, त्यांची ती यादी. अपस्मार, वेड आणि रातांधळेपणा एकाच पंगतीत. ब्रिटनमध्येही १९३०च्या कायद्यापासून हेच चालू होते: अपस्मार म्हणजे लायसन्स नाही, शेवटची फिट काल आली असो वा वीस वर्षांपूर्वी. त्या काळी ब्रोमाइड (१८५७पासून) आणि फेनोबार्बिटल (१९१२पासून) ही औषधे होती. १९३८ला फेनिटॉइन आले आणि माणूस गुंगीत न जाता झटके आवरता येऊ लागले. कायद्याला हे कळायला वेळ लागला. अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्याने १९४९मध्ये झटके आटोक्यात असलेल्यांना गाडी चालवायची मुभा दिली. ब्रिटनने १९७०मध्ये तीन वर्षे झटका नको अशी अट घातली. १९८२मध्ये ती दोन वर्षांवर आली, १९९४मध्ये एका वर्षावर.

पण हे सगळे अपस्मार ठरलेल्यांचे झाले. एकच फिट आलेल्याचे काय? खरी गुंतागुंत इथे आहे. अनेकांना दुसरी फिट कधीच येत नाही. मग सगळ्यांना वर्षानुवर्षे गोळ्या का द्यायच्या? १९९३मध्ये इटलीतल्या डॉक्टरांनी सुमारे चारशे रुग्णांचे दोन गट केले. लगेच औषध घेतलेल्यांत दोन वर्षांत परत फिट येण्याची शक्यता २५ टक्के निघाली, औषध न घेतलेल्यांत ५१ टक्के. गोळीच्या बाजूने निकाल लागला असे वाटेल. पण त्याच रुग्णांवर पुढे लक्ष ठेवले, तेव्हा दूरचे चित्र दोन्ही गटांत सारखेच दिसले. २००५मध्ये ब्रिटनच्या पुढाकाराने झालेल्या 'मेस' या मोठ्या अभ्यासात १,४४३ रुग्ण होते, आणि तिथेही तेच: लगेच दिलेली गोळी पहिली एक-दोन वर्षे राखते, पुढच्या नशिबावर तिचा फारसा परिणाम नाही. म्हणजे गोळी लगेच घ्यायची की थांबायचे, हा बराचसा 'येती दोन वर्षे तुम्ही काय करता' असा प्रश्न आहे. रोज वीस किलोमीटर स्कूटर चालवणाऱ्याचे आणि घरून काम करणाऱ्याचे उत्तर एकच असायचे कारण नाही.

ड्रायव्हिंगच्या हिशेबालाही याच आकड्यांचा आधार मिळाला. खासगी गाडीसाठी ब्रिटनचा उंबरठा असा, की येत्या वर्षात फिट येण्याची शक्यता २० टक्क्यांच्या खाली हवी. 'मेस'ची आकडेवारी २०१०मध्ये पुन्हा तपासली, तेव्हा पहिल्या फिटनंतर सहा महिने नीट गेलेल्यांत ही शक्यता गोळी घेणाऱ्यांना १४ टक्के आणि न घेणाऱ्यांना १८ टक्के आली. ईईजी (मेंदूतल्या विद्युत लहरींचा आलेख) आणि स्कॅनमध्ये काही वावगे नसेल, तर आज तिथे सहा महिन्यांनी गाडी हातात घेता येते.

आपल्याकडे एक वेगळा धागा आहे. फिट आली, सीटी स्कॅनमध्ये छोटीशी गाठ दिसली, की पूर्वी मेंदूचा क्षयरोग समजून महिनोन्महिने टीबीची औषधे चालत. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमधल्या चँडी आणि राजशेखर यांनी १९८०च्या दशकाच्या अखेरीस दाखवले, की अशा बऱ्याच गाठी फीतकृमीच्या अळीच्या असतात आणि पुष्कळदा आपसूक विरतात. तेव्हा फिट कशामुळे आली हे कळल्याशिवाय गोळीचा हिशेब मांडताच येत नाही. घरात मात्र अजून कांदा हुंगवायचा की चप्पल, यावरच चर्चा रंगते.

आपल्या १९८८च्या मोटार वाहन कायद्याने धोकादायक आजार असलेल्याला लायसन्स नाकारायचा अधिकार ठेवला, पण झटक्याविना किती महिने जायला हवेत, याचा ब्रिटनसारखा आकडा त्यात नाही. म्हणून इथले न्यूरोलॉजिस्ट बाहेरचे निकष आणि समोरच्याचा रोजगार दोन्ही पाहून सल्ला देतात. टेम्पो किंवा ट्रकवर पोट असलेल्यासाठी ते निकष फार कडक आहेत. ब्रिटनमध्ये अवजड वाहनाला २० ऐवजी २ टक्क्यांचा उंबरठा आहे आणि एकाच फिटनंतरही पाच वर्षे थांबावे लागते, तीही गोळीविना. कारवाल्याचा धोका कमी करणारी गोळी ट्रकवाल्याला आणखी लांब नेते.