उघड्या विंडो कोणी लक्षात ठेवायच्या? डेस्कटॉपवरच्या सेशन व्यवस्थापनाची पार्श्वभूमी

संगणक बंद करून पुन्हा सुरू केला की कालच्या विंडो होत्या तशा समोर याव्यात, ही अपेक्षा आज कोणालाही वाजवी वाटेल. डेस्कटॉपच्या जगाला मात्र ती पुरी करायला अनेक दशकं लागली आणि काम अजूनही संपलेलं नाही. अडचण मुख्यतः जबाबदारीची होती. काय उघडं होतं, कुठे होतं, त्यात काय लिहून झालं होतं, हे कोणी लक्षात ठेवायचं? ऑपरेटिंग सिस्टिमने, मधल्या एखाद्या प्रोग्रामने, की ज्याची विंडो आहे त्या ॲप्लिकेशनने? उत्तरं वेगवेगळी आली, पण त्यांतली बरीचशी एका गृहीतकावर उभी होती: सेशन संपण्याआधी सूचना मिळेल आणि आवरायला वेळ मिळेल. हे गृहीतक किती कच्चं आहे ते उमगायला फार उशीर झाला, असं माझं मत आहे.

सेशन ही कल्पना डेस्कटॉपच्या आधीची. एमआयटीत फर्नांडो कोर्बाटो यांच्या गटाने १९६१ साली सीटीएसएस ही टाइमशेअरिंग प्रणाली चालवून दाखवली. एकाच यंत्रावर अनेक माणसं आपापल्या टर्मिनलवरून काम करू लागली, तेव्हा कोणाचं काम कधी सुरू झालं आणि कधी संपलं याची नोंद ठेवणं भाग पडलं. लॉगिन आणि लॉगआउट या दोन टोकांमधला काळ म्हणजे सेशन. सीटीएसएसमध्ये सेव्ह आणि रिझ्यूम अशा कमांडही होत्या. चालू प्रोग्रामची मेमरी जशीच्या तशी फाइलमध्ये ठेवायची आणि नंतर तिथूनच पुढे चालू करायची. पुढच्या साठ वर्षांतल्या एका मोठ्या प्रवाहाचं बीज त्यात आहे.

युनिक्सने दुसऱ्या बाजूने विचार केला. टर्मिनल फोनच्या लाइनवर असे आणि लाइन तुटली की कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, त्या सेशनमधल्या प्रोग्रामना हँगअप सिग्नल पाठवी. बहुतेक प्रोग्राम तिथेच संपत. बर्कलीत बिल जॉय यांनी लिहिलेल्या व्हीआय एडिटरने मात्र अशा वेळी अर्धवट मजकूर जपून ठेवण्याची सोय केली होती. पुढच्या वेळी रिकव्हरीचा पर्याय देऊन तो परत मिळवता येई. यंत्रच कोसळलं तरी तात्पुरत्या फाइलमधून बरंच काही हाती लागे. लाइन कधीही तुटेल हे या लोकांना रोज दिसत होतं, म्हणून त्यांची रचना तुटण्याला धरून झाली. डेस्कटॉपवाल्यांनी हा धडा तेव्हाच उचलला असता, तर पुढची बरीच वाताहत टळली असती.

सत्तरच्या दशकात झेरॉक्सच्या पार्क प्रयोगशाळेत स्मॉलटॉक ही प्रोग्रामिंग भाषा तयार झाली आणि मेमरी गोठवण्याचा मार्ग टोकाला गेला. स्मॉलटॉकची इमेज म्हणजे सगळे ऑब्जेक्ट, सगळ्या विंडो, अर्धवट टाइप केलेली ओळ, चालू असलेली प्रक्रिया, असं सगळं एका फाइलमध्ये. ती उघडली की जग होतं तिथून पुढे चालू. यात ॲप्लिकेशनने लक्षात ठेवण्यासारखं काही उरतच नाही. पण सगळं एकाच मेमरीत, एकाच भाषेत, एकाच छत्राखाली असेल तरच हे साधतं. दहा ठिकाणांहून आलेले प्रोग्राम, नेटवर्कवर उघडी असलेली कनेक्शन्स, परस्पर बदललेल्या फाइल्स आल्या की गोठवलेलं जग आणि खरं जग यांचा मेळ बसत नाही. लॅपटॉपवरचं हायबरनेशन याच घराण्यातलं. मेमरी डिस्कवर उतरवायची आणि परत चढवायची. सिस्टिम अपडेटसाठी एक रीस्टार्ट झाला की ती पुंजी संपली. विंडोज ८ ने २०१२ मध्ये जलद सुरुवातीसाठी हेच तंत्र अर्ध्यावर वापरलं. बंद करताना कर्नलचं सेशन डिस्कवर जपायचं, वापरणाऱ्याचं सेशन मात्र सोडून द्यायचं. यंत्र लवकर जागं होतं, काम मात्र पुन्हा पहिल्यापासून मांडावं लागतं.

ॲपलच्या लिसा या संगणकाने जानेवारी १९८३ मध्ये जे दाखवलं ते आजही थक्क करतं. बंद करण्याचं बटण दाबलं की वीज लगेच जात नसे. आधी सिस्टिम उघडी कागदपत्रं जपून ठेवी आणि मगच यंत्र बंद होई. पुन्हा सुरू केल्यावर डेस्कटॉप होता तसा परत येई. यंत्राची किंमत होती ९,९९५ डॉलर. मुख्य ॲप्लिकेशन्स ॲपलनेच लिहिलेली असल्याने सगळ्यांनी एकच शिस्त पाळणं शक्य झालं. वर्षभराने आलेल्या मॅकिंटॉशमध्ये १२८ किलोबाइट मेमरी होती आणि एका वेळी एकच ॲप्लिकेशन चाले. तिथे ही शिस्त टिकली नाही आणि ॲपलला त्याच जागी परतायला अठ्ठावीस वर्षं लागली.

या इतिहासातला सर्वांत समृद्ध भाग युनिक्सच्या यंत्रांवर विंडो दाखवणाऱ्या एक्स विंडो सिस्टिमचा. १९८४ मध्ये एमआयटीच्या प्रोजेक्ट अथेनाच्या वातावरणात तिची सुरुवात झाली आणि १९८७ मध्ये तिची अकरावी आवृत्ती आली. एक्समध्ये कोणीच सर्वेसर्वा नाही. पडद्यावर रेखाटणारा सर्व्हर वेगळा, विंडोंच्या जागा ठरवणारा विंडो मॅनेजर वेगळा, आणि ॲप्लिकेशन तर नेटवर्कवरच्या दुसऱ्याच यंत्रावर चाललेलं असू शकतं. मग सेशन म्हणजे नेमकं काय? सुरुवातीचं उत्तर साधं होतं. एका स्क्रिप्टमध्ये हवे ते प्रोग्राम ओळीने लिहायचे, शेवटचा प्रोग्राम पुढे चालू ठेवायचा, आणि तो संपला की सेशन संपलं. हे माणसाने हाताने लिहिलेलं सेशन, कालचं काम त्यात नाही.

एक्सच्या क्लायंटनी, म्हणजे सर्व्हरला जोडलेल्या प्रोग्रामनी, एकमेकांशी कसं वागावं याचे नियम ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस ठरले. त्यांत पहिली खरी सोय आली. प्रत्येक ॲप्लिकेशनने आपल्या विंडोवर दोन नोंदी ठेवायच्या: आपण कोणत्या कमांडने सुरू झालो आणि कोणत्या यंत्रावर चालतो आहोत. सेशन सांभाळणारा प्रोग्राम ‘स्वतःला जपून ठेव’ असा संदेश पाठवी. ॲप्लिकेशनने आपली सद्यस्थिती जपायची आणि ती परत आणणारी कमांड विंडोवर लिहायची. कल्पना सुरेख होती, पण संवाद एकतर्फी होता. ‘थांब, अजून सेव्ह केलेलं नाही, माणसाला विचारू दे’ असं ॲप्लिकेशनला म्हणता येत नसे.

ही उणीव भरून काढण्यासाठी १९९४ मध्ये एक्सच्या अकराव्या आवृत्तीच्या सहाव्या रिलीजबरोबर स्वतंत्र सेशन मॅनेजमेंट प्रोटोकॉल, म्हणजे संवादाची ठरीव पद्धत, आला. जाणकार त्याला एक्सएसएमपी म्हणतात. तो इतक्या विचाराने घडवला आहे की आज वाचतानाही आदर वाटतो. तो एक्सच्या कनेक्शनवरून चालतच नाही. त्याच्यासाठी आइस नावाचा वेगळा पायाभूत प्रोटोकॉल आहे, त्यामुळे पडद्यावर एकही विंडो नसलेला प्रोग्रामसुद्धा सेशनचा भाग होऊ शकतो. ॲप्लिकेशन सुरू होताना नोंदणी करतं आणि त्याला एक ओळखक्रमांक मिळतो. पुढच्या वेळी तोच क्रमांक घेऊन ते सुरू झालं की सेशन सांभाळणाऱ्या मॅनेजरला कळतं, हा कालचाच. सेशन संपवताना मॅनेजर सगळ्यांना स्थिती जपायला सांगतो. एखाद्याला माणसाशी बोलायचं असेल तर तो परवानगी मागतो आणि मॅनेजर एका वेळी एकालाच ती देतो, म्हणजे प्रश्नांच्या चौकटी एकदम अंगावर येत नाहीत. बोलून झाल्यावर ॲप्लिकेशन सगळंच बंद होणं रद्द करू शकतं. विंडो मॅनेजरसारख्यांसाठी दुसरा टप्पाही आहे: बाकीच्यांचं जपून झाल्यावर मगच त्यांनी आपलं जपायचं. ॲप्लिकेशन मॅनेजरकडे आणखी दोन कमांड ठेवून जातं, एक पुन्हा सुरू होण्याची आणि दुसरी जपलेली स्थिती नको झाली तर पुसून टाकण्याची.

मग हे यशस्वी का झालं नाही? ॲप्लिकेशन बांधायच्या क्यूटीसारख्या टूलकिटनी आधार दिला, केडीई या लिनक्सवरच्या डेस्कटॉपने ऑक्टोबर २००० मध्ये आलेल्या आपल्या दुसऱ्या आवृत्तीत तो मनापासून राबवला, आणि तिथे कालच्या विंडो खरोखर परत येत. पण प्रोटोकॉल फक्त निरोप पोहोचवतो. स्थिती म्हणजे काय हे प्रत्येक ॲप्लिकेशनच्या लेखकाने ठरवायचं, लिहायचं, तपासायचं. बहुतेकांनी सुरू होण्याची कमांड तेवढी सांगितली आणि बाकीचं सोडून दिलं. मग लॉगिननंतर विंडो परत येई, पण रिकामी. ग्नोम या लिनक्सवरच्याच दुसऱ्या डेस्कटॉपमध्ये २००८ च्या सप्टेंबरमधल्या २.२४ आवृत्तीत सेशन मॅनेजर नव्याने लिहिला गेला. बंद होणं रोखून धरणं, आपोआप सुरू होणारे प्रोग्राम सांभाळणं ही कामं डी-बस या प्रोग्रामांच्या आपसातल्या निरोप-व्यवस्थेवर आली, पण सेशन जपण्याची सोय त्या फेरलिखाणात मागे पडली आणि वापरणाऱ्यांनी नाराजी बोलून दाखवली. ती नाराजी रास्त होती. एवढा काळजीपूर्वक आखलेला प्रोटोकॉल थोडक्या लोकांच्या चिकाटीवर तग धरून होता.

विंडोजचा मार्ग सुरुवातीपासून वेगळा. तिथे दोन संदेश असत: ‘सेशन संपवू का?’ आणि ‘सेशन संपतंय’. पहिल्याला नकार दिला की बंद होणं अडे. उघड्या विंडो पुढच्या वेळी परत आणण्याची जबाबदारी सिस्टिमने ॲप्लिकेशनकडून कधी मागितली नाही. कोणी कारण न सांगता नकार दिला की यंत्र रात्रभर चालूच राही. विंडोज व्हिस्टाने २००७ मध्ये शिस्त आणली. अडवायचं असेल तर कारण लिहून नोंदवायचं, ते पडद्यावर दिसेल आणि निर्णय माणूस घेईल. त्याच आवृत्तीत रीस्टार्ट मॅनेजर आला. ॲप्लिकेशनने आपली सुरू होण्याची कमांड आधीच नोंदवून ठेवायची, म्हणजे ते कोसळलं किंवा अपडेटसाठी यंत्र रीस्टार्ट झालं तरी सिस्टिम ते परत उघडेल. ॲप्लिकेशन किमान ६० सेकंद चाललेलं असेल तरच ही सोय लागू होते. उघडताक्षणी कोसळणारा प्रोग्राम पुन्हापुन्हा उघडत राहू नये, हा त्यामागचा हेतू. नेहमीच्या रीस्टार्टनंतर अशी ॲप्लिकेशन्स आपोआप उघडायला लागली ती विंडोज १० च्या २०१७ मधल्या अपडेटपासून. एक्सच्या जगात त्याच्या जवळजवळ तीस वर्षं आधी विंडोवर लिहिलेली कमांड इथे वेगळ्या वेशात परत आलेली दिसते.

विचारांची खरी दिशा बदलली ती डेस्कटॉपच्या कडेने. ब्राउझरमध्ये लोक वीस-तीस टॅब उघडे ठेवू लागले आणि ब्राउझर कोसळला की दिवसाचं वाचन जाऊ लागलं. फायरफॉक्सने २००६ मध्ये दुसऱ्या आवृत्तीत सेशन परत आणण्याची सोय अंगभूत केली. तिचं मर्म असं की निरोपाची वाट बघायची नाही. ठरावीक सेकंदांनी टॅब, त्यांचा इतिहास, फॉर्ममध्ये टाइप केलेला मजकूर फाइलमध्ये लिहीत राहायचं. कोसळणं आणि व्यवस्थित बंद होणं यांत मग फारसा फरक उरत नाही.

फोनने तर पर्यायच ठेवला नाही. आयफोनवरच्या सुरुवातीच्या आवृत्त्यांत होम बटण दाबलं की ॲप बंद होई. अँड्रॉइडने २००८ मधल्या पहिल्या आवृत्तीपासून मेमरी कमी पडली की मागे गेलेलं ॲप न विचारता संपवण्याचा हक्क स्वतःकडे ठेवला, आणि स्थिती आधीच जपून ठेवण्याची जागा ॲपच्या लेखकाला नेमून दिली. न जपणाऱ्या ॲपची विंडो पहिल्याच दिवशी रिकामी परत येई, त्यामुळे लेखकांना टाळाटाळ करणं परवडेना. जे सौजन्याने मागून मिळालं नव्हतं, ते नियम केल्यावर मिळालं.

हीच रीत ॲपलने डेस्कटॉपवर आणली. मॅकच्या सिस्टिमच्या २००९ मधल्या स्नो लेपर्ड आवृत्तीत ‘माझ्याकडे जपण्यासारखं काही नाही, मला खुशाल मारून टाका’ असं ॲप्लिकेशनला सिस्टिमला सांगता येऊ लागलं, त्यामुळे बंद होणं वेगवान झालं. २०११ च्या लायनमध्ये आपोआप सेव्ह होणं, जुन्या आवृत्त्या जपणं आणि रिझ्यूम या तीन गोष्टी एकत्र आल्या. त्या एकत्र येण्यातच त्यांची ताकद आहे. कागदपत्र सतत जपलं जात असेल तर ‘सेव्ह करू का?’ हा प्रश्नच उरत नाही, आणि तो उरला नाही की सेशन कधीही संपवता येतं. रोषही ओढवला. ॲप्लिकेशन सोडताना उघडं राहिलेलं खासगी कागदपत्र ते पुन्हा उघडताच सर्वांसमोर येऊ लागलं, आणि नको असलेले बदल फाइलमध्ये आपोआप जाऊ लागले. पुढच्या वर्षी माउंटन लायनमध्ये ॲप्लिकेशन सोडताना विंडो विसरून जाण्याचा पर्याय सेटिंगमध्ये ठळकपणे आला. लक्षात ठेवण्याइतकाच विसरण्याचा हक्कही माणसाकडे हवा, हे एक्सएसएमपीच्या पुसून टाकणाऱ्या कमांडने १९९४ मध्येच ओळखलं होतं.

सेशनचा सुरक्षेशी संबंधित अर्थ याला समांतर वाढत गेला. विंडोजवर टर्मिनल सर्व्हर या दुरून लॉगिन करण्याच्या सोयीमुळे एका यंत्रावर अनेक सेशन आली. विंडोज एक्सपीपर्यंत पहिला लॉगिन करणारा माणूस आणि सिस्टिमच्या सेवा एकाच शून्य क्रमांकाच्या सेशनमध्ये राहत. सामान्य प्रोग्रामने जास्त अधिकार असलेल्या सेवेच्या विंडोला संदेश पाठवून तिला ताब्यात घेण्याचा धोका त्यातून उभा राहिला, म्हणून व्हिस्टाने शून्य सेशन फक्त सेवांसाठी राखलं. लिनक्सवर कोणता माणूस कोणत्या पडद्यासमोर बसला आहे याचा हिशेब आता सिस्टिमडी या सेवा सांभाळणाऱ्या प्रणालीचा लॉगिन व्यवस्थापक ठेवतो. शिवाय आज अनेक डेस्कटॉप ॲप्लिकेशन्सचं खरं सेशन दूरच्या सर्व्हरवर असतं आणि यंत्रावर फक्त ओळख पटवणारं टोकन राहतं. २०१७ च्या आरएफसी ८२५२ या इंटरनेटच्या नियमावलीतल्या दस्तऐवजाने शिफारस केली की असं लॉगिन ॲप्लिकेशनच्या आत बसवलेल्या वेबपानात न करता बाहेरच्या ब्राउझरमध्ये करावं, म्हणजे पासवर्ड ॲप्लिकेशनच्या हाती पडत नाही. त्यामुळे विंडो परत आली तरी आत पुन्हा लॉगिन मागितलं जाणं शक्य आहे. जागा लक्षात ठेवणारा आणि ओळख लक्षात ठेवणारा आता एक नाहीत.

लिनक्सच्या डेस्कटॉपवर हा प्रश्न एक्सची जागा घेणाऱ्या वेलँडने पुन्हा उघडला. सुरक्षेसाठी आणि साधेपणासाठी वेलँडने ॲप्लिकेशनकडून स्वतःच्या विंडोची जागा जाणण्याचा आणि ठरवण्याचा अधिकार काढून घेतला. जागा फक्त कंपोझिटरला, म्हणजे पडद्यावर विंडो मांडणाऱ्या प्रोग्रामला, ठाऊक आणि आतला मजकूर फक्त ॲप्लिकेशनला. एक्सच्या काळातली सेशन परत आणण्याची पद्धत इथे जशीच्या तशी चालत नाही. यावर उपाय म्हणून मांडलेला नवा प्रोटोकॉल अनेक वर्षं चर्चेत राहिला. त्याची रचना अशी: कंपोझिटर ॲप्लिकेशनला सेशनची एक खूण देतो, ॲप्लिकेशन ती आपल्याकडे ठेवतं आणि प्रत्येक विंडोला एक नाव देतं. पुढच्या वेळी खूण आणि नाव दाखवलं की कंपोझिटर ती विंडो तिच्या जुन्या जागी बसवतो. जागा नेमकी कोणती, हे तो ॲप्लिकेशनला शेवटपर्यंत सांगत नाही.