अल्सरेटिव्ह कोलायटिस : निदान आणि उपचार (सोलापूर परिसर)

अल्सरेटिव्ह कोलायटिस हा मोठ्या आतड्याच्या आतल्या अस्तराला सूज येऊन त्यावर व्रण पडण्याचा दीर्घकालीन विकार आहे. सूज गुदाशयापासून सुरू होते आणि मधली जागा न सोडता सलग वर चढते. काहींची गुदाशयापुरतीच राहते, काहींचे सबंध मोठे आतडे व्यापते. लंडनचे डॉक्टर सॅम्युएल विल्क्स यांनी १८५९ मध्ये या विकाराचे वर्णन केले. आनुवंशिक कल, आतड्यातील जिवाणू आणि बिघडलेली प्रतिकारयंत्रणा यांचा त्यात वाटा असतो. तो एकापासून दुसऱ्याला होत नाही, त्यामुळे रुग्णाचे ताट-तांब्या वेगळे ठेवण्याचे कारण नाही.

सोलापुरात नळाला काही दिवसांआड पाणी येते आणि ते साठवून वापरावे लागते. जुलाबात रक्त दिसले की घरचे आणि डॉक्टर दोघेही आधी आवेचा, म्हणजे अमीबाचा किंवा जिवाणूंचा विचार करतात, आणि तो योग्यच आहे. गफलत पुढे होते. आवेवरच्या मेट्रोनिडाझोल या औषधाचा एक कोर्स, मग दुसरा, मग मूळव्याधीचे मलम, असे महिने निघून जातात. संसर्गाची आव सहसा एक-दोन आठवड्यांत आटोपते. मूळव्याधीचे रक्त संडासच्या वेळी थेंब थेंब पडते, शेमात मिसळलेले नसते. चार आठवडे उलटूनही रक्त आणि शेम पडत असेल, कळ रात्री झोपेतून उठवत असेल, वजन उतरत असेल, तर दुर्बिणीची तपासणी पुढे ढकलू नये.

एकाच तपासणीवर निदान होत नाही. ताज्या संडासमध्ये अमीबा पाहतात, जंतूंचे कल्चर करतात. अलीकडे अँटिबायोटिक घेतले असेल तर क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल या जिवाणूचे विषही तपासतात. संडासमधील कॅलप्रोटेक्टिन हे प्रथिन वाढलेले असेल तर आतड्याला खरोखर सूज असल्याचा संशय बळावतो. त्यानंतर कोलोनोस्कोपी (मोठ्या आतड्याची दुर्बिणीने तपासणी) आणि बायोप्सी (अस्तराचा तुकडा काढून तपासणे). लहान आतड्याच्या टोकापर्यंत दुर्बीण नेतात, कारण आतड्याचा क्षयरोग आणि क्रोन्सचा आजार (आतड्याच्या सुजेचा दुसरा दीर्घकालीन विकार) तिथे दिसू शकतो. आजार जोरात असेल तेव्हा मात्र आतडे फाटण्याचा धोका असल्याने फक्त खालचा भाग पाहतात. अमीबाची शंका फिटण्याआधी स्टेरॉइड (सूज आणि प्रतिकारशक्ती दाबणारे औषध) देणे घातक ठरू शकते.

सौम्य आणि मध्यम आजारात मेसालामीन हे सूज कमी करणारे मुख्य औषध. पोटातून दिवसाला २ ते ४.८ ग्रॅम देतात. सूज गुदाशयापुरती असेल तर गुदमार्गे ठेवायची त्याच औषधाची १ ग्रॅमची सपोझिटरी (वितळणारी वडी) पोटातल्या गोळीपेक्षा चांगले काम करते, आणि तरीही लाजेपायी तीच सगळ्यात आधी सुटते. सूज मोठ्या आतड्याच्या डाव्या बाजूपर्यंत असेल तर रात्री औषधाचा एनिमा (गुदमार्गे सोडायचे द्रव औषध) घेऊन डाव्या कुशीवर पडून राहावे लागते. सोलापूरच्या पूर्वभागात जिथे यंत्रमाग आणि राहती खोली एकाच छताखाली आहे, संडास सामाईक आहे, तिथे हे सोपे नाही. चिठ्ठी लिहिताना डॉक्टरांनी घरची सोय विचारलीच पाहिजे. दर हजारी मजुरीवर विड्या वळणाऱ्या बाईला रक्त थांबले की गोळ्या बंद कराव्याशा वाटणे साहजिक आहे, पण तसे केल्यास आजार उलटण्याची शक्यता वाढते. याच प्रकारचे सल्फासालाझीन हे औषध स्वस्त पडते. त्याच्यासोबत फॉलिक अ‍ॅसिड लागते, आणि पुरुषांत शुक्राणू तात्पुरते घटतात, हे नवविवाहिताला सांगायला हवे.

प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड आजार आटोक्यात आणण्यापुरते. ४० मिलिग्रॅमपासून उतरवत काही आठवड्यांत बंद करतात. ते वारंवार लागू लागले तर अ‍ॅझाथायोप्रीन (रक्तातील पेशींवर लक्ष ठेवून), इन्फ्लिक्सिमॅब, व्हेडोलिझुमॅब किंवा टोफासिटिनिब या प्रतिकारयंत्रणा आवरणाऱ्या औषधांचा विचार होतो. इन्फ्लिक्सिमॅब किंवा टोफासिटिनिबआधी क्षयरोग आणि हिपॅटायटिस बी तपासणे आपल्याकडे अनिवार्यच समजावे.

दिवसात सहा किंवा अधिक वेळा रक्ताचे जुलाब आणि त्यासोबत नाडी ९० च्या वर, ताप ३७.८ अंश सेल्सिअसपेक्षा जास्त, हिमोग्लोबिन १०.५ पेक्षा कमी किंवा ईएसआर (सूज दाखवणारी रक्ततपासणी) ३० च्या वर, यांपैकी काहीही असेल तर तो तीव्र झटका. ट्रुलव्ह आणि विट्स या डॉक्टरांच्या १९५५ मधील निकषांवर ही आखणी आधारलेली आहे. अशा रुग्णाने घरी सलाइन लावून घेण्यात वेळ घालवू नये. डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाशी जोडलेले सिव्हिल असो किंवा खासगी रुग्णालय, तातडीने भरती व्हावे. शिरेतून स्टेरॉइड देऊन तिसऱ्या दिवशी गुण पाहतात. नसल्यास इन्फ्लिक्सिमॅब, सायक्लोस्पोरिन (हेही प्रतिकारयंत्रणा आवरणारे औषध) किंवा शस्त्रक्रिया. मोठे आतडे काढल्यावर बहुतेकदा काही काळ पोटावर पिशवी लागते. पुढे अनेकांना लहान आतड्याचीच आतली पिशवी करून नैसर्गिक मार्गाने शौच करता येते.

शेंगाची चटणी किंवा कडक भाकरी खाल्ल्याने हा आजार होत नाही. झटक्यात मऊ भात, मुगाचे वरण सोसते. आजार शांत झाल्यावर भाकरी परत सुरू करता येते. अंगदुखीसाठी डायक्लोफिनॅकसारख्या गोळ्या मात्र स्वतःहून घेऊ नयेत, त्यांनी झटका येऊ शकतो.

आजार गुदाशयाच्या वर पसरलेला असेल तर मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका वाढतो. लक्षणे सुरू होऊन ८ वर्षे झाली की, त्रास नसला तरी, ठरावीक अंतराने कोलोनोस्कोपी करतात. पित्तनलिकांचा स्क्लेरोझिंग कोलँजायटिस (नलिका सुजून अरुंद होण्याचा आजार) सोबत असेल तर निदानापासूनच दरवर्षी.