नळातला लिटर, ताटातला लिटर : घरगुती पाणीमापनाची पार्श्वभूमी

घरगुती पाण्याचे मीटर एकोणिसाव्या शतकापासून आहेत, पण ते बसवले गेले बिलासाठी. म्हणून त्यांची जागाही दाराबाहेर, जमिनीतल्या पेटीत, झाकणाखाली. आकडा टिपून घेणारा माणूस महिन्या-दोन महिन्यांनी येणार, बिल त्यानंतर. घरच्यांना आपला वापर कळेपर्यंत ते पाणी केव्हाच वाहून गेलेले असे. पुढे दातेरी चाकांच्या जागी ध्वनिलहरींनी प्रवाह मोजणारे अल्ट्रासॉनिक मीटर आले, ते रेडिओवरून आकडा पाठवू लागले, तरी आकडा जायचा कचेरीतच. १९९२ साली अमेरिकेने नव्या कमोडच्या फ्लशला कायद्याने सुमारे ६ लिटरची मर्यादा घातली. बचत झाली, पण वापरणाऱ्याला काही न कळता.

वापरणाऱ्याला कळायला हवे, हा विचार रेटला तो दुष्काळांनी. २००७ मध्ये ऑस्ट्रेलियात आग्नेय क्वीन्सलँडने माणशी दिवसाला १४० लिटरचे लक्ष्य जाहीर केले आणि तो आकडा लोकांच्या बोलण्यात आला. त्याच वर्षी अमेरिकेतील जॉर्जियात एक लाखाहून अधिक घरांवर प्रयोग झाला. काही घरांना फक्त बचतीच्या सूचना पाठवल्या, तर काहींना त्यांचा वापर इतर घरांच्या तुलनेत किती आहे तेही कळवले. नुसत्या सूचनांनी वापर जेमतेम एक टक्का घटला. तुलनेचे पत्र मिळालेल्या घरांत तो जवळजवळ पाच टक्क्यांनी खाली आला. नंतर स्वित्झर्लंडमध्ये सुमारे ७०० घरांत शॉवरच्या नळीला छोटे उपकरण जोडले गेले. वाहत्या पाण्यावरच चालणारे. अंगावर पाणी पडत असतानाच लिटर दिसत, आणि पडद्यावर हिमखंडावर एक अस्वल उभे असे. पाणी जास्त गेले की त्याच्या पायाखालचा बर्फ आटत जाई. अंघोळीचे पाणी तापवायला लागणारी ऊर्जा त्या घरांत सरासरी २२ टक्क्यांनी कमी झाली. आकडा त्याच क्षणी समोर असला की काय होते, याचा इतका स्वच्छ पुरावा मला तरी दुसरा दिसत नाही.

खरा गुंता झाला तो ‘वापर’ या शब्दात. २००२ मध्ये ‘वॉटर फूटप्रिंट’ ही कल्पना मांडली गेली. आपण खातो, नेसतो, विकत घेतो त्या वस्तू तयार होताना गेलेले पाणीही आपल्या खात्यावर मांडायचे. एक किलो तांदळामागे सुमारे २,५०० लिटर. कल्पना मोलाचीच आहे, त्याबद्दल वाद नाही. पण शाळांसाठीच्या गणकयंत्रांनी आणि अॅपनी हे पाणी अंघोळ-भांडी-कपड्यांच्या पाण्यात मिळवून बेरजेला सरसकट ‘तुमचा रोजचा पाणीवापर’ असे नाव दिले, तिथे घोळ झाला.

१९९६ ते २००५ या काळासाठी या फूटप्रिंटची जगाची सरासरी माणशी वर्षाला १,३८५ घनमीटर, म्हणजे दिवसाला सुमारे ३,८०० लिटर निघते. त्यात घरगुती पाण्याचा वाटा ४ टक्क्यांहूनही कमी, आणि जवळपास तीन चतुर्थांश भाग ‘हिरव्या’ पाण्याचा. हे हिरवे पाणी म्हणजे जमिनीत मुरून पिकाने घेतलेला पाऊस. तो कोणाच्याही नळाला कधीच येणार नव्हता. ‘करड्या’ पाण्याचे तर दोन अर्थ झाले आहेत. घरात करडे पाणी म्हणजे अंघोळीचे, कपडे धुतल्याचे सांडपाणी, जे बादलीत धरून झाडांना घालता येते. फूटप्रिंटमध्ये मात्र प्रदूषण सुरक्षित पातळीपर्यंत पातळ करायला जेवढे पाणी लागेल तो निव्वळ हिशेबातला आकडा. तो बादलीत धरता येत नाही.

दहा वर्षांचे मूल हे सगळे एका गोल तक्त्यात बघते आणि विचारते, चार टक्क्यांसाठी नळ कशाला बंद करायचा? प्रश्न चोख आहे, बेरीज चुकीची आहे. तांदळाचा लिटर कुठल्या तरी शेतातला, नळाचा लिटर याच धरणातला किंवा याच विहिरीतला. दोन्ही शिकवावेत, पण एका रकान्यात नकोत. फूटप्रिंटची बाजू घेणारे म्हणतात की धक्का बसल्याशिवाय कोणी विचार करत नाही. असेलही. पण धक्क्यानंतर मुलाने नेमके काय करायचे, ते त्या तक्त्यात नसते.

दक्षिण आफ्रिकेतल्या केप टाऊनच्या शाळांनी पाणीटंचाईच्या दिवसांत, २०१७-१८ मध्ये, वेगळी वाट धरली. तिथे वापर सतत नोंदवून दाखवणारे स्मार्ट मीटर बसले आणि आलेखात मध्यरात्रीची रेघ दिसू लागली. शाळेत चिटपाखरू नसताना ती शून्यावर हवी. अनेक ठिकाणी नव्हती. आधी गळत्या दुरुस्त झाल्या. मग काही शाळांत आठवड्याचा वापर सूचनाफलकावर लागू लागला, काहींत शाळा-शाळांची चुरस लागली, आणि अशा शाळांत वापर १५ ते २६ टक्क्यांनी घटला.

मध्यरात्रीची ही तपासणी साध्या मीटरवरही जमते. सगळे नळ बंद करून काचेखालचे इवलेसे चाक बघायचे. ते फिरत असेल तर पाणी कुठेतरी जाते आहे. मग ठिबकणाऱ्या नळाखाली बाटली आणि हातात घड्याळ. १० मिनिटांत १५० मिलिलिटर जमले तर तासाला ९०० मिलिलिटर, दिवसाला २१.६ लिटर. वॉशर बदलून दुसऱ्या दिवशी तीच बाटली पुन्हा तिथेच ठेवायची.